‘गुलाल’ पाहिल्यावर : दिलीपसिंगला कुणी विचारलंच नाही

यवतेश्वर_घाट (सातारा)

अनुराग कश्यपचा ‘गुलाल’ परवा साताऱ्यात आम्ही मित्रमंडळींनी एकत्र बसून पुन्हा पाहिला. २००९ चा चित्रपट आहे, बहुतेकांनी पाहिलेला असणार, म्हणून शेवटासकट लिहितोय. ज्यांचा राहिलाय त्यांनी आधी पाहून घ्या आणि मग इथे या.

‘गुलाल’चा विषय निघाला की लोक दुकी बनाबद्दल, म्हणजे स्वतंत्र राजपुतान्याची चळवळ चालवणाऱ्या त्या पुढाऱ्याबद्दल बोलतात. के. के. मेननचा आवाज, पीयूष मिश्राची गाणी, बंदुका, तोंडाला गुलाल फासून जमलेले ते लोक. हे सगळं आहेच, आणि जबरदस्त आहे. माझ्या मते मात्र चित्रपटाचा खरा घाव सुरुवातीलाच बसून गेलेला असतो. दिलीपसिंग कायदा शिकायला राजपूरला येतो. सरळ, भिडस्त मुलगा. हॉस्टेलवर जातो तर जडवाल आणि त्याची टोळी त्याला मारते, अंगावरचे कपडे काढून घेते आणि एका खोलीत कोंडते. त्या खोलीत अनुजा आधीपासून आहे. कॉलेजात शिकवायला आलेली तरुण बाई, तिचेही तेच हाल केलेले.

त्यानंतर दिलीपला जो कुणी भेटतो त्याच्याकडे या गोष्टीचा काही ना काही उपयोग तयार असतो. त्याच्यासोबत राहणारा रणसा म्हणतो, चल, बदला घेऊ. दुकी बनाला आधी रणसा आणि मग दिलीप कॉलेजच्या निवडणुकीला उभे करायला मिळतात. किरण त्याच्या एकटेपणातून वाट काढत जी. एस.च्या, म्हणजे विद्यार्थी संघटनेच्या सरचिटणीसाच्या, खुर्चीपर्यंत पोचते. ‘तुझ्यावर काय बेतलं, तू बरा आहेस का’ एवढं विचारणारं माणूस त्या गावात नाही. शेवटी तो बंदूक उचलतो तेव्हा आपण म्हणतो, बघा, मुलगा बिघडला. माझं म्हणणं असं की तो बिघडला नाही. त्याला पहिल्याच आठवड्यात मोडलं होतं आणि पुढे ज्याला जसा हवा तसा त्याने वापरला.

अपमान गिळून बसलेल्या मुलाला जो पहिल्यांदा ‘मर्दासारखा उभा राहा’ म्हणतो तो त्याचा मालक होतो. हे राजस्थानपुरतं नाही. तुम्हाला काय वाटतं?

पोवई_नाका (सातारा)

चांगलं लिहिलंय, पण मला चित्रपट तेवढा पटला नाही. रणसा मेला तिथं चित्रपटाचा जीव गेला. अभिमन्यू सिंगनं तो रणसा काय केलाय राव! राजघराण्यातला, त्या घराण्याचीच चीड असलेला, कुणाला न भिणारा. तो गेल्यावर दिलीपकडं बघावंसंच वाटत नाही. उत्तरार्ध लय लांबलाय. किती पात्रं, किती कट. राजपुतान्याची चळवळ, करण-किरण या भावंडांचं वेगळं, दुकी बनाच्या घरचं वेगळं. एक चित्रपट, चार गोष्टी.

यवतेश्वर_घाट

रणसा गेल्यावर पोकळी जाणवते हे खरं आहे. मला ती हवीशी वाटते. बिनधास्त माणूस मारला जातो आणि त्याच्या जागी उभा राहायला उरतो तो घाबरलेला. चळवळ चालवणाऱ्यांना असाच उमेदवार सोयीचा. रणसाने दुकी बनाला उलट उत्तर दिलं असतं. दिलीप देणार नाही, हे दुकी बना ओळखून आहे.

हळदबाजार (सांगली)

मी यातल्या उपहासाबद्दल लिहितो, कारण धाग्यात तो राहून जातोय. ‘डेमोक्रसी’ नावाची बिअर लक्षात आहे का? बाटलीवरचं लेबल कुणी वाचून दाखवत नाही, पात्रं फक्त पीत राहतात. आणि माही गिलच्या बैठकीतलं ते गाणं. राणाजींना उद्देशून शृंगारिक तक्रार चाललीय, आणि बोलता बोलता परदेशातल्या मनोऱ्यात घुसलेलं विमान येतं, इराकमध्ये जाऊन बसलेले अंकल सॅम येतात. ऐकणारे जमीनदार माना डोलावताहेत.

मला हे ऐकताना परकं वाटलंच नाही. आपल्या वाळवा तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षचे पठ्ठे बापूराव आणि वाटेगावचे अण्णाभाऊ साठे, दोघे याच मातीतले. तमाशात गण-गवळण झाली की बतावणीत सोंगाड्या राजाची, पाटलाची, सावकाराची सालं काढायचा आणि पाटील समोर बसून हसायचा. अण्णाभाऊंनी तोच साचा घेऊन लोकनाट्यात कामगाराचं राजकारण आणलं. ‘गुलाल’मधला पृथ्वी बना हा तो सोंगाड्या आहे. दुकी बनाचा सख्खा भाऊ, त्याच्याच घरात राहतो, त्याच्या तोंडावर गाण्यातून खरं बोलतो, आणि सगळे त्याला वेडा समजतात म्हणून जिवंत आहे. गीतं, संगीत आणि ती भूमिका, तिन्ही पीयूष मिश्रांचं. चित्रपट स्वातंत्र्याआधीच्या कवींना अर्पण केलाय, तोही याच धाग्यातून. त्यांनी जो देश कल्पिला तो झाला नाही, हे दुःख त्या गाण्यांत आहे. माझ्यासाठी चित्रपटाचा नायक पृथ्वी बना.

पोवई_नाका

हे पटलं दादा. गाण्यांसाठी पुन्हा बघीन.

कृष्णाकाठची (सांगली)

यवतेश्वर_घाट, तुमचा मुद्दा मी मनापासून वाचला आणि मला त्यात एक मोठं भगदाड दिसतं. त्या खोलीत दोघं होती. तुम्ही लिहिलंय ‘तिचेही तेच हाल केलेले’ आणि पुढच्या सगळ्या लेखात ती नाही. चित्रपटानेही नेमकं हेच केलंय.

अनुजा काही दिवस दिलीप आणि रणसाच्या आसऱ्याला राहते. तिथे तिचा आणि दिलीपचा एक वेगळाच धागा जुळतो, कारण जगात फक्त त्या दोघांना ठाऊक आहे की त्या खोलीत काय झालं. माझ्या मते पूर्ण चित्रपटातलं सर्वांत खरं नातं तेच. दिग्दर्शकाच्या हातात ते होतं. पण दिलीप किरणच्या मागे लागला की चित्रपटही किरणच्या मागे जातो. अनुजाच्या वाट्याला उरतं ते कोपऱ्यात असणं. दिलीपच्या लाजेतून राजकारण घडतं, गोळ्या सुटतात. अनुजाच्या लाजेतून काहीच घडत नाही, कारण तिला सूड घ्यायला कुणी बोलावत नाही आणि सावरायलाही कुणी येत नाही.

किरणचंही तसंच. ती राजाची अनौरस मुलगी, हक्क नाकारलेली. रागावायला तिला दिलीपपेक्षा जास्त कारण आहे. पण चित्रपट तिला मोहात पाडणारी बाई करून ठेवतो. ती पुरुषांना वापरते असं म्हणतात, पण तिला पुढे ढकलणारा तिचा भाऊ करण आहे आणि अखेरीस गर्दीसमोर सेनापती म्हणून उभा राहतो तो करणच. तिच्या डोळ्यांत पाणी आहे. का आहे, हे विचारायला चित्रपट थांबत नाही.

मी स्वतः शिकवते. नवीन लागलेल्या बाईला वर्गातली टवाळ मुलं कशी जोखतात हे मला माहीत आहे. म्हणून अनुजाचं विसरलं जाणं मला जास्त लागलं.

यवतेश्वर_घाट

ताई, हे वाचून बराच वेळ काही लिहिलं नाही. तुम्ही म्हणता तसं त्या दोघांचं नातं हाच चित्रपट होऊ शकला असता. मला एक विचारायचंय. दिलीप तिच्यापासून दूर जातो, त्याचं कारण तीच आठवण नसेल का? तिच्याकडे पाहिलं की ती खोली आठवणार. किरणसमोर तो जी. एस. आहे, अनुजासमोर तो तोच कोंडलेला मुलगा. तो पळतो ते त्यामुळे, असं मला दिसतं.

कृष्णाकाठची

हो, दिलीपचं ते कारण मला मान्य आहे. तो पळाला तर समजू शकते. कॅमेऱ्याने पळायला नको होतं.

पोवई_नाका

☝️ या वाक्याला माझा नमस्कार.

माजी_सीआर (कराड)

मी निवडणुकीच्या अंगाने लिहितो. ‘गुलाल’मधली निवडणूक बघून पुण्या-मुंबईचे लोक म्हणतात, हे उत्तरेतलं, आपल्याकडं असं नसतं. मी त्या काळात कॉलेजात होतो, म्हणून सांगतो काय असायचं.

महाराष्ट्रात १९९४ च्या विद्यापीठ कायद्यानंतर सगळ्या मुलांनी मत द्यायची पद्धत गेली. वर्गात ज्याला जास्त मार्क तो सी. आर., म्हणजे वर्गाचा प्रतिनिधी, आणि या सी. आर. लोकांनी मिळून कॉलेजचा सचिव निवडायचा. त्यालाच आपल्याकडं यू. आर. म्हणायचे, कारण तो पुढं विद्यापीठात जायचा. मारामाऱ्या थांबाव्यात म्हणून हे केलं होतं. झालं उलटंच. हजार-दोन हजार मतदार असताना पळवणार कुणाकुणाला? आता मतदार उरले मोजके, तेही अभ्यासू, घाबरट, घरी आई-वडिलांना काही न सांगणारे. ते एका जीपमध्ये मावायचे. निवडणुकीच्या आधी सी. आर. मंडळी ‘सहलीला’ जायची. कोकण, गोवा, कधी नुसतं कुणाच्या तरी मळ्यात. मतदानाच्या सकाळी थेट कॉलेजच्या गेटवर उतरवायचे.

मी सी. आर. झालो ते गणितात मार्क पडले म्हणून. मला त्या पदाचं काही नव्हतं. एका संध्याकाळी वर्गातलाच मुलगा चहाला म्हणून घेऊन गेला आणि परत आलो ते मतदानालाच. मारलं कुणी नाही. चांगलं खाऊ घातलं, सिनेमा दाखवला, नवीन शर्ट दिला. पण ‘मला घरी जायचंय’ हे म्हणायची माझी हिंमत झाली नाही, आणि ती झाली नाही हे मला आजही खुपतं. म्हणून यवतेश्वर_घाट यांचा दिलीपसिंग मला बरोबर कळतो. भीती नुसत्या मारानंच घालतात असं नाही. कौतुकानंही घालतात.

निकालाला गुलाल मात्र पोतं पोतं. माझ्या अंगावरही पडला. पोरं नाचत होती, मी त्यात उभा होतो.

हळदबाजार

माजी_सीआर, हे लिहिलंत म्हणून आभार. त्या चित्रपटात सगळ्या टोळीचे चेहरे गुलालाने एकसारखे झालेले असतात, कोण कोण ते ओळखू येत नाही. आपल्याकडे निकालाच्या मिरवणुकीतही तसंच होतं. जिंकलेला, पळवलेला, पळवणारा, सगळे एकाच रंगाचे.

औंधचा_माळ (खटाव)

चर्चा छान चाललीय, मी थोडं बाजूचं पण याच विषयाचं मांडतो.

दुकी बनाच्या चळवळीचं म्हणणं काय, तर विलीनीकरणात संस्थानिकांना दिलेली वचनं सरकारने मोडली, मान गेला, म्हणून स्वतंत्र राजपुताना हवा. १९७१ मध्ये सव्विसाव्या घटनादुरुस्तीने तनखे बंद झाले, ही त्या रागाची खरी पार्श्वभूमी. चित्रपट बघताना अनेकांना वाटतं, संस्थानिक म्हणजे असेच असणार.

मी औंधचा आहे. आमच्या राजाने, भवानराव पंतप्रतिनिधींनी, १९३८ मध्ये आपणहून राज्यकारभार प्रजेच्या हाती द्यायचं जाहीर केलं. १९३९ च्या सुरुवातीला औंधची राज्यघटना झाली. गांधीजींचा सल्ला होता, मॉरिस फ्रीडमन नावाचे पोलिश गृहस्थ मदतीला होते, आणि गावागावांत पंचायती निवडल्या गेल्या. देश स्वतंत्र व्हायच्या जवळजवळ नऊ वर्षं आधी. आजच्या सातारा, सांगली जिल्ह्यांत विखुरलेलं छोटं संस्थान, आटपाडीही त्यातच. त्याच मुलखात पुढे क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार उभं राहिलं.

हे सांगायचं कारण असं. कॉलेजच्या मुलांसमोर भूतकाळ ठेवला जातो तो कुठला, यावर बरंच ठरतं. दुकी बना मुलांना तलवार, मिशा आणि गेलेली गादी दाखवतो. माझ्या आजोबांच्या पिढीला औंधच्या शाळेत सूर्यनमस्कार आणि पंचायत दाखवली. दोन्ही राजांच्याच गोष्टी आहेत. ‘गुलाल’ बघताना मला सारखं वाटत होतं, या मुलांना दुसरी गोष्ट कुणी सांगितलीच नाही.

पोवई_नाका

औंधचं म्युझियम शाळेच्या सहलीत बघितलं होतं, राज्यघटनेचं कुणी सांगितलं नव्हतं तेव्हा. शाळेत शिकवायला पाहिजे हे.

मिरजेची_वकील

मी कायद्याचं सांगते, कारण या चित्रपटाचा नायक कायदा शिकायला आलेला आहे आणि त्याच्यावर अन्याय झाल्यावर कायदा त्याच्या डोक्यातही येत नाही. कश्यपने केलेला सर्वांत कडवट उपहास माझ्या मते हाच.

महाराष्ट्रात रॅगिंगविरुद्ध १९९९ पासून वेगळा कायदा आहे. दोन वर्षांपर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड. दोषी ठरलेल्या विद्यार्थ्याला काढून टाकलं की पाच वर्षं दुसऱ्या कुठल्याही संस्थेत प्रवेश नाही. लोकांना एवढं साधारण माहीत असतं. पुढचं माहीत नसतं. तक्रार आली की संस्थाप्रमुखाने सात दिवसांत चौकशी करायची आहे, आणि त्याने टाळाटाळ केली तर त्याने गुन्ह्याला साथ दिली असं कायदा धरतो. म्हणजे ‘कॉलेजचं नाव खराब होईल, मिटवून घ्या’ म्हणणारे साहेब स्वतः अडकू शकतात.

आणखी एक. ‘गुलाल’ १३ मार्च २००९ ला प्रदर्शित झाला. त्याच्या काही दिवसच आधी हिमाचलमधल्या टांडा इथल्या वैद्यकीय महाविद्यालयात पहिल्या वर्षाचा एक मुलगा सीनियर्सच्या मारहाणीनंतर दगावला. त्या मुलाच्या वडिलांनी लढा दिला, आणि त्याच वर्षी विद्यापीठ अनुदान आयोगाचे रॅगिंगविरोधी नियम आले. प्रवेशाच्या वेळी विद्यार्थी आणि पालक जे प्रतिज्ञापत्र भरून देतात ते तिथून आलंय. आपण ते न वाचता सही करतो.

माजी_सीआर

मॅडम, निवडणुकांचं काय झालं पुढं? नवीन कायद्यात परत आल्या असं ऐकलं होतं.

मिरजेची_वकील

२०१६ चा सार्वजनिक विद्यापीठ कायदा आला, त्यात मुलांनी थेट मत देऊन प्रतिनिधी निवडायची तरतूद आहे. २०१९ मध्ये निवडणुका जाहीरही झाल्या होत्या, पण विधानसभा निवडणूक आली म्हणून पुढे ढकलल्या आणि मग त्या झाल्याच नाहीत. घ्यायच्या म्हटलं तर विद्यार्थी निवडणुकांबद्दलच्या लिंगडोह समितीच्या शिफारशी आहेतच, सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये त्या लागू केल्या. उमेदवाराला खर्चाची मर्यादा पाच हजार, छापील पोस्टर नाही, हजेरी पंचाहत्तर टक्के हवी, राजकीय पक्षाचा पैसा नाही.

पोवई_नाका

‘गुलाल’ बघितल्यावर तर वाटतं निवडणुका नकोतच.

माजी_सीआर

मला उलट वाटतं. माझ्यावर ते प्रसंग आले ते मतदार थोडे होते म्हणून. सगळ्या पोरा-पोरींनी मत दिलं असतं तर मला पळवून कुणाला काय मिळणार होतं? आणि ‘गुलाल’मध्ये मतमोजणीच खोटी आहे. दिलीप जिंकत नाही, त्याला जिंकवलं जातं. दोष मत देण्याचा कसा?

कृष्णाकाठची

सहमत. माझ्या वर्गातल्या मुली वर्गप्रमुख व्हायला पुढे येत नाहीत, कारण त्यांनी कधी मत मागितलेलंच नाही. त्या एकदम ग्रामपंचायतीच्या राखीव जागेवर उभ्या केल्या जातात आणि मग कारभार घरचे पुरुष बघतात. मत मागायची, हरायची सवय कॉलेजात लागली तर पुढे फरक पडेल, असं मला ठामपणे वाटतं.

एफवाय_हॉस्टेल

नमस्कार, मी नवीन आहे इथे. चित्रपट पाहिला नाही अजून, धागा सगळा वाचला. मी खेड्यातून आलोय, पहिल्या वर्षाला आहे. कॉलेजचं नाव लिहीत नाही. आमच्याकडे रात्री सीनियर बोलावतात. मारत नाहीत, पण ‘इंट्रो’ घेतात, उभं करतात, नको ते बोलायला लावतात. सगळे म्हणतात दोन महिने सहन कर, मग तेच दोस्त होतात. दोन मुलं घरी निघून गेली. मला विचारायचं होतं की याला रॅगिंग म्हणतात का, आणि तक्रार केली तर नाव कळतं का?

मिरजेची_वकील

बाळा, हो. मार बसलाच पाहिजे असं कायद्यात नाही. मानसिक त्रास, भीती, लाज वाटेल असं वागवणं, मनाविरुद्ध काही करायला लावणं, हे सगळं त्यात येतं. विद्यापीठ अनुदान आयोगाची हेल्पलाइन आहे, १८००-१८०-५५२२, चोवीस तास, पैसे लागत नाहीत. आपलं नाव न सांगता तक्रार नोंदवता येते. कधी, कुठे, कोण हे रोजच्या रोज लिहून ठेव, मोबाइलवर नको, वहीत. आणि मला इथे व्यक्तिगत निरोप पाठव. मी मिरजेतच असते, साताऱ्यालाही कामासाठी येते.

यवतेश्वर_घाट

मित्रा, तू बरा आहेस ना? जेवण-झोप होतेय का? साताऱ्यात असशील तर कधीही माझ्याकडे ये. तक्रार करायची की नाही ते नंतर ठरव, आधी नुसता गप्पा मारायला ये.

माजी_सीआर

आणि घरी सांग भावा. मी सांगितलं नव्हतं. तू सांग.

एफवाय_हॉस्टेल

ताई, निरोप पाठवलाय. दादा, साताऱ्यातच आहे. रविवारी येतो. आज रात्री वडिलांना फोन करतो.

कृष्णाकाठची

यवतेश्वर_घाट, माझी एक सूचना आहे. जूनमध्ये नवे प्रवेश होतील तेव्हा हा चित्रपट कॉलेजात दाखवून त्यावर बोलायला काय हरकत आहे? माझ्या प्राचार्यांना मी विचारून बघते. प्रमाणपत्र ‘प्रौढांसाठी’चं आहे, त्यामुळे अकरावी-बारावीला दाखवता येणार नाही, पण पदवीच्या मुलांना चालेल. आधी अनुजावर बोलायचं, मग बाकीच्यांवर, एवढी माझी अट.

यवतेश्वर_घाट

अट मान्य, आणि साताऱ्यातही करू. वकीलताई आल्या तर चित्रपटानंतरचा पहिला अर्धा तास त्यांचा.

मिरजेची_वकील

येते. तारीख आधी कळवा, कोर्टाचं बघावं लागतं.

पोवई_नाका

मुलांना लांब वाटेल म्हणून उत्तरार्ध थोडा कापून दाखवला तर?

हळदबाजार

कापायचं काही नाही. पृथ्वी बनाची गाणी तर मुळीच नाहीत. मध्यंतराला सांगलीचं भडंग मी घेऊन येतो, पोरं बसतील शेवटपर्यंत.